पांढऱ्या गारगोटीच्या वर

पळणाऱ्या माणसांचं मला पहिल्यापासून वावडं. तीस वर्षं या खोऱ्यात शाळेची बस चालवली मी, त्यामुळे त्यांची चांगलीच ओळख आहे. पावसात, धुक्यात, वळण घेतलं की समोर एखादा बाप्या. तोकडी चड्डी, मांडीपर्यंत चिखल, आणि दात काढून मलाच हात करतोय. मागून पोरं ओरडायची, "आंटी, हॉर्न मार." मी दोनदा मारायचे. देवानं डोंगर लांबून बघायला दिलेत आणि पाय क्लच दाबायला, असं माझं मत होतं. ते नेस्टानं मोडून टाकलं, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

नेस्टा म्हणजे नेस्टा ब्रिन केलिन. ब्रिन केलिन हे तिच्या शेताचं नाव. आमच्याकडे आडनावाला कोणी विचारत नाही. एकेका आडनावाची शंभर घरं, मग माणसामागे त्याचं शेत नाहीतर धंदा चिकटतो. मी आयर्लिस बस. निवृत्त होऊन बसले तरी बसच. नेस्टा आणि तिचा थोरला भाऊ इद्वल, दोघंही बिनलग्नाची, डोंगराच्या पायथ्याशी मेंढरं राखून राहायची. त्या डोंगराला नकाशावर लांबलचक नाव आहे, पण आम्ही नुसतं मॉइल म्हणतो. मॉइल म्हणजे टक्कल. लांबून तसाच दिसतो, गोल आणि बोडका.

नेस्टा दिसायला काही खास नाही. बुटकी, पायांनी जराशी फेंगडी, आणि थंडीवाऱ्यानं गाल कायमचे लाल झालेले. चॅपलमध्ये माझ्या शेजारी बसली की पाचव्या मिनिटाला डुलकी घ्यायची. पण मेंढरं उतरवायच्या दिवशी तिला बघावं. वर्षातून काही वेळा मॉइलवरची मेंढरं खाली आणावी लागतात, कातरणीला, औषध पाजायला. त्या दिवशी आजूबाजूच्या शेतांतली माणसं जमतात, आणि डोंगरावर प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली असते. बापाची जागा मुलाला. ब्रिन केलिनची जागा म्हणजे वरची दगडांची रास. तिच्या डोक्यावर एक पांढरी गारगोटी बसवलेली आहे, कोणी बसवली देव जाणे. पहाटे चढून जायचं, गारगोटीवर हात ठेवायचा आणि हाळी द्यायची. ती ऐकून पलीकडचा हाळी देतो, मग त्याच्या पलीकडचा, आणि सगळा डोंगर हळूहळू खाली सरकायला लागतो. मेंढरांना ती हाळी पाठ असते. आई खाली तोंड करते, कोकरू तिच्या मागे लागतं, आणि पुढे तेच कोकरू आपल्या कोकराला शिकवतं. म्हणून कुंपण नसलं तरी आमची मेंढरं आपला डोंगर सोडत नाहीत. शेत दुसऱ्याला गेलं, तर डोंगराबरोबर मेंढरंही त्यालाच जातात.

नेस्टा बारा वर्षांची असताना तिच्या बापानं तिला पहिल्यांदा रासेपाशी नेऊन उभं केलं. तिनं विचारलं, "आणि याच्या वर काय आहे?" बाप म्हणाला, "वर गवत नाही. गवत नाही म्हणजे मेंढरू नाही, आणि मेंढरू नाही म्हणजे आपलं काम नाही." विषय संपला. ब्रिन केलिनच्या अंगणातून पाहिलं तर आभाळाला टेकलेली ती रासच दिसते. खरा माथा तिच्या मागे, मोठमोठ्या धोंड्यांच्या चढापलीकडे, खालून दिसतच नाही. त्यामुळे त्या घरात 'वर जाऊन येते' म्हणजे रासेपर्यंत, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं.

गेल्या पानगळीत इद्वलची छाती फारच बिघडली. जिना चढला तरी माणूस भिंतीला धरून उभा राहायचा. दोघांनी बसून ठरवलं, की पुढच्या वर्षी शेत सोडायचं. तालुक्याच्या गावात एक छोटा बंगला बघितला. मेंढरं, कुंपणं, कुत्र्याचं घर, सगळं नव्या माणसाचं होणार. मला हे सांगायला नेस्टा माझ्या स्वयंपाकघरात आली, दोन कप चहा प्यायली, आणि तिसरा ओतता ओतता म्हणाली, "आयर्लिस, मी फेरी करणार आहे."

"कसली फेरी? चॅपलमधल्या चहाची?"

"डोंगरांची. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. एका दिवस-रात्रीत."

मी किटली खाली ठेवली. या फेरीबद्दल आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. विद्वाचा उंच सुळका, ग्लिडरचे काटेरी दगड, कार्नेदायचं वाऱ्याचं पठार, शाबोद, मॉइलविन, क्निख्त, हेबोग, सगळे आलेच, आणि त्यांच्या ओळीत आमचा मॉइलसुद्धा. कुठूनही निघा, पण प्रत्येकाच्या माथ्याला हात लावून जिथून निघालात तिथंच परत या. सगळे चढ एकावर एक रचले तर जवळपास एव्हरेस्ट होतो म्हणे. चांगले पंचविशीतले गडी अर्ध्यावर बसून रडतात. वर कोणी परीक्षक नसतो, कोणी शिक्का मारत नाही. खाली येऊन तुम्ही म्हणालात केली, की केली. तुमच्या शब्दावर चालतं सगळं.

"तुझं वय काय?" मी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"आणि कंबर?"

"तीही अठ्ठावन्नच."

"मग तुझं डोकं तेवढं पाच वर्षांचं राहिलंय."

ती हसली नाही. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "एवढे डोंगर आहेत गं इथं, आणि मी जन्मभर एकावरच पळाले. बाकीचे नुसते बघितले. लांबून, मेंढरांच्या मागे पळता पळता. जायच्या आधी एकदा प्रत्येकाला हात लावायचाय."

"मग सवडीनं लाव की. रोज एक."

"सवडीनं लावले तर ते सगळे वेगवेगळे राहतील," ती म्हणाली. मी तिला केक कापून दिला.

तिला तयार केलं ते मायरिग पाटीनं. त्याचा बाप आणि आजा पाटीच्या दगडाच्या खाणीत होते, म्हणून मायरिग पाटी. डोक्यावर केस नाहीत आणि तोंडाला कुलूप नाही असा माणूस. तरुणपणी त्यानं स्वतः ही फेरी केली होती, आणि ते आम्हाला विसरू द्यायचा नाही. पण माणूस मनाचा मोठा. सबंध हिवाळा त्यानं नेस्टाला एकेका डोंगरावर नेलं. कुठल्या घळीतून चढायचं, कुठल्या दलदलीला वळसा घालायचा, कुठला दगड ओला असला की दगा देतो, सगळं पायाखालून घातलं. अवघड होते ते दोन-दोनदा. शेवटी म्हणाला, "आता एकदा मॉइलवरूनही जाऊन येऊ." नेस्टा पोट धरून हसली. "मायरिग, मला माझंच स्वयंपाकघर दाखवायला निघालास होय?" मग तोही हसला आणि मॉइल राहूनच गेला.

जूनमधल्या एका संध्याकाळी सहा वाजता ती ब्रिन केलिनच्या फाटकातून निघाली. उद्या सहाच्या आत याच फाटकाला हात लावायचा, एवढाच हिशोब. निरोप द्यायला बँडबाजा नव्हता. मी, मायरिग, त्याच्या पळणाऱ्या मंडळातली चार माणसं आणि मॉट हा कुत्रा. इद्वल गोठ्यात होता. तो बाहेर आला, बहिणीकडे बघितलं, आणि म्हणाला, "बुटाची नाडी सुटलीय." तिनं बांधली. एवढाच त्यांचा निरोप.

माझं काम खाण्याचं. जिथं जिथं डोंगर सोडून ती रस्त्याला लागेल, तिथं मी माझी व्हॅन घेऊन उभी. चहा, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, लोणी फासलेला बारा ब्रिथ, म्हणजे आमचा मनुकांचा पाव, आणि भट्टीत भाजलेली तांदळाची खीर, वरची साय करपलेली, कारण तिला तशीच लागते. मंडळातली माणसं आळीपाळीनं तिच्याबरोबर पळणार होती. ती पळायची आणि मी खालून सूचना द्यायचे. दुसऱ्या थांब्यावर मला म्हणाली, "आयर्लिस बस, तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस, खीर दे."

आता खरं सांगते. या रस्त्यांवरून मी इतकी वर्षं रोज गेले. प्रत्येक खड्डा मला माहीत. पण मान वर करून मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा, एक माणूस वर आहे म्हणून, मी बघत राहिले. आणि बाई गं, केवढे आहेत ते. त्रवानच्या खाली व्हॅन लावून उभी होते, उजाडायला लागलं होतं, आणि तो काळा दगडाचा डोंगर रस्त्यातूनच सरळ वर गेलेला. रोज त्याच्या पायाशी मी गिअर बदलत होते. त्याच्या उतरणीवर एक ठिपका हलला. तो ठिपका माझ्या स्वयंपाकघरात तीन कप चहा पितो, चॅपलमध्ये घोरतो, हे मला खरंच वाटेना. अंगावर काटा आला. मी एकटीच होते म्हणून बरं, नाहीतर मायरिगनं वर्षभर चिडवलं असतं.

ती आली, व्हॅनच्या पायरीवर बसली, बूट काढले. पायांकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, "पुरे कर आता. निम्मे झाले."

"वर पहाट बघितली," ती म्हणाली. तोंडात बटाटा होता. "समुद्र दिसत होता. आणि मागे सगळे डोंगर एकामागे एक, आणि आयर्लिस, मला प्रत्येकाचं नाव येत होतं." मग तिनं ओले मोजे पिळले, तेच परत घातले आणि कार्नेदायच्या वाटेला लागली.

सकाळी शाबोदच्या पायथ्याशी ती आली तेव्हा वेळेच्या थोडी पुढेच होती. मायरिगचं तोंड उघडंच राहिलं, आणि ते तसं राहणं ही दुर्मीळ गोष्ट. शाबोदपासून क्निख्तपर्यंत तो तिच्याबरोबर गेला. मधे सगळी दलदल आणि जुन्या खाणींचे पाटीच्या कपच्यांचे ढीग. दुपारी दोघं खाली आली, तर नेस्टा पुढे आणि मायरिग मागे लंगडत. गुडघा टम्म सुजलेला. तो सांगायला लागला, की दलदलीत ती कमरेपर्यंत बुडाली, स्वतःच बाहेर आली आणि वर त्यालाच विचारते, 'तुला लागलं तर नाही ना?' "मी स्वतः केलीय ही फेरी," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पण हे काही वेगळंच आहे. ती डोंगराशी भांडत नाही. मी सगळा वेळ भांडत होतो."

शेवटचा टप्पा खरं तर मायरिगनंच करायचा होता. नेस्टानं त्याच्या गुडघ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "तू व्हॅनमध्ये बस. आता उरलेत ते माझे शेजारी. आणि शेवटचा तर माझाच." हेबोगच्या बाजूला ती एकटी चढत गेली. वर धुकं उतरायला लागलं होतं.

आम्ही ब्रिन केलिनच्या अंगणात येऊन थांबलो. इद्वलनं बाकं मांडली होती, बाहेर टेबल आणलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर कापड घातलं होतं. मंडळातली माणसंही येऊन बसली. मॉइल अर्ध्यावर धुक्यात बुडालेला. पाच वाजत आले. मी उगाच कप पुसत होते. मग मॉटनं कान टवकारले, भिंतीवरून उडी मारली, आणि धुक्याच्या कडेतून ती बाहेर आली.

पळत नव्हती, पण चालतही नव्हती. मेंढरामागे जाताना तिची जी चाल असते ना, फेंगडी आणि न थांबणारी, तीच. तिनं फाटकाला हात लावला. सहाला जवळजवळ तास बाकी होता. मायरिग लहान मुलासारखा रडला. मी नेस्टाला मिठी मारली, आणि तिच्या अंगाला असा वास येत होता की काय सांगू, पण मी सोडली नाही. इद्वलनं तिच्या हातात कप दिला.

"शेवटी वर काय वाटलं?" मायरिगनं विचारलं.

"धुकं होतं. काही दिसत नव्हतं," नेस्टा म्हणाली. "पाय आपोआप नेत होते. आणि पुढे एकदम तीच आली, पांढरी गारगोटी. तिच्यावर हात ठेवला आणि मला जे रडू फुटलं."

सगळे हसले, कोणी टाळ्या वाजवल्या. इद्वल हसला नाही. मी त्याच्याकडे बघत होते. मलाही तेव्हाच कळलं. वाटलं, पटकन याच्या तोंडात ब्रेडचा तुकडा कोंबावा. पण हा माणूस सत्तर वर्षांत एकदाही खोटं बोललेला नाही, कारण बोलायलाच त्याला जमत नाही.

"गारगोटीवर?" एवढंच तो म्हणाला.

नेस्टाचा कप ओठाशी थांबला. तिनं भावाकडे बघितलं, मग वर धुक्याकडे. मागच्या अंगाची मेंढरं वळवून आणताना ती ज्या वाटेनं यायची, माथ्याखालून वळसा घालणारी मेंढरांनीच पाडलेली वाट, त्याच वाटेनं तिचे पाय तिला घेऊन आले होते. सेहेचाळीस परक्या डोंगरांचे माथे तिनं धुंडाळून काढले, आणि स्वतःचाच चुकला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे.

मायरिगला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो आधी पांढरा पडला आणि मग जोरजोरात बोलायला लागला. "अगं, मग काय झालं? शे-दोनशे फुटांचा फरक. तुझाच डोंगर आहे. तुझ्या डोंगरावर तुला कोण विचारणार?"

"मीच विचारणार," नेस्टा म्हणाली. "त्या बंगल्याच्या खिडकीतूनसुद्धा मॉइल दिसतो. रोज सकाळी विचारीन."

"आता गेलीस तर सहाच्या आत परत येणं होत नाही. सगळं गेलं मग. समजतंय का तुला?"

"समजतंय."

"तुझ्यात आता जीव तरी राहिलाय का?"

"नाही," ती म्हणाली. कप खाली ठेवला, टेबलाला धरून उठली, आणि पहिल्या पावलाला तिचा पाय मुडपला. मी म्हटलं, "नेस्टा, बास. मी सांगते ना, बास." मला राग आला होता, खूप राग, कोणावर ते कळत नव्हतं. चोवीस तास हिला खायला घालत मी गावोगाव फिरले ते कशासाठी? ती फाटकापाशी पोचली होती. मागे न वळता म्हणाली, "खीर उरलीय का? परत येते तोवर झाकून ठेव."

ती धुक्यात गेली. अंगणात सहा वाजले ते सगळ्यांनी ऐकले, आतल्या घड्याळाचे. मायरिगनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

थोड्या वेळानं इद्वलनं काठी घेतली. "मी आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुझी छाती?" तो म्हणाला, "छातीला घेऊनच जातो." एकट्याला सोडायची सोय नव्हती. मी रबरी बुटांत पाय घातले आणि त्याच्यामागे निघाले, दर दहा पावलांवर त्याला शिव्या देत, दर वीस पावलांवर थांबत. साठी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा मॉइल चढत होते. रासेपाशी पोचलो तेव्हा आम्हा दोघांची धाप ऐकून खाली अंगणात मॉटसुद्धा लाजला असेल.

तिथं धुक्याशिवाय काही नव्हतं. रास, तिच्यावरची पांढरी गारगोटी, आणि वरच्या अंगाला घरांएवढे धोंडे, तेही दोन-चारच दिसत होते. इद्वलनं गारगोटीवर हात ठेवला. आम्ही वाट बघितली. मी हाका मारल्या, माझा आवाज बसभर पोरांना गप्प करणारा, पण धुक्यानं गिळून टाकला. पलीकडची बाजू सरळ तुटलेली आहे, हे मला ठाऊक होतं आणि इद्वललाही. तिच्या अंगात एका दिवस-रात्रीचा थकवा होता. कुठल्या बाजूला उतरायचं हे तिला कळलं नाही तर काय, हा विचार दोघांच्याही मनात होता.

मग इद्वल ताठ उभा राहिला. मला वाटलं त्याला घेरी येतेय. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली. मेंढरं उतरवायची हाळी. त्या फाटक्या छातीतून तो आवाज कुठून निघाला मला माहीत नाही. लांबच लांब, शेवटी वर चढत जाणारा. थांबला, खोकला, परत दिली. आणि खालून कुठल्या तरी शेतातून, कातरणीला अजून पंधरवडा बाकी असताना, कोणीतरी सवयीनं उत्तर दिलं. मग आणखी लांबून एक.

आधी काही झालं नाही. मग धुक्यात कुठंतरी एक मेंढी ओरडली. तिला कोकरानं उत्तर दिलं. मग डावीकडून खुरांचा आवाज आला, मग उजवीकडून, आणि एकेक करून, मग दहा-दहानं, ब्रिन केलिनची मागच्या अंगाला चरणारी मेंढरं धुक्यातून बाहेर यायला लागली. कुत्रं मागे नाही, माणूस मागे नाही. रासेच्या दोन्ही अंगांनी, आमच्या पायांना घासत, कोकरं आयांच्या मागे, सगळी खाली तोंड करून. मी सत्तेचाळीस डोंगरांची गोष्ट सांगतेय, पण माझ्या जन्मात मी बघितलेली मोठी गोष्ट तीच. मी तिथं उभी राहून रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

सगळ्यांच्या मागून, धोंड्यांवरून बसत बसत, नेस्टा खाली आली. गुडघे फुटले होते. इद्वलच्या समोर येऊन उभी राहिली.

"वर सगळ्या बाजू सारख्याच दिसत होत्या," ती म्हणाली. "तुझी हाळी ऐकली."

इद्वलनं मान हलवली. मेंढरं खाली जाताना तो मोजल्यासारखं बघत राहिला. मग, माणूस शेजाऱ्याच्या घराबद्दल विचारतो तसं त्यानं विचारलं, "काय आहे वर?"

तेव्हा मला उमगलं, की हाही कधी गेलेला नाही. सत्तर वर्षं त्या डोंगराखाली काढली, आणि गारगोटीच्या वर एक पाऊल टाकलेलं नाही, कारण बापानं सांगितलं होतं तिथं काम नाही.

नेस्टानं विचार केला. "चार दगड," ती म्हणाली. "गवताची काडी नाही. बाबा खोटं नव्हते बोलत."

"मग?"

"मग काय. उद्या तुला नेते."

खाली आलो तर मेंढरं डोंगरकुरणाच्या फाटकाशी येऊन थांबली होती आणि मायरिग त्यांना आत घेत होता, लंगडत, तोंडानं अखंड बडबड चालू. त्याच्या मंडळात दिवस-रात्रीच्या आत फेरी करणाऱ्यांत नेस्टाचं नाव लागलं नाही. मायरिगनं हात जोडून विनवलं तरी तिनं लावू दिलं नाही. तिनं करपलेली खीर खाल्ली, भांडं बोटानं पुसून चाटलं, आणि तिथंच टेबलावर डोकं ठेवून घोरायला लागली.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. मी रिकामी भांडी न्यायला गेले, तर घरात कोणी नाही. मायरिग अंगणात पाय पुढे करून बसला होता. त्यानं बोटानं वर दाखवलं. दोघं चढत होती, बहीण पुढे, भाऊ तिच्या खांद्याला धरून. दहा पावलं, मग थांबायची. दुपारपर्यंत रासेपाशी पोचली. तिथं बराच वेळ बसलेली दिसली. मग उठली, रासेला वळसा घातला, आणि दिसेनाशी झाली. तिथून पुढचं ब्रिन केलिनच्या अंगणातून दिसतच नाही.

मी चहा केला, प्यायले, दुसरा केला. आणि मग वरून, रासेच्याही वरून, हाळी आली. इद्वलचाच आवाज, तुटका, पण तीच. कुरणातल्या मेंढरांनी चरता चरता माना वर केल्या आणि तशीच उभी राहिली. तेवढ्या उंचावरून हाळी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.